लोडरची शक्ती : वीज, हायब्रिड आणि शिरड शहापूरचा आसमंत

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव मल्लिनाथाच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे दूरदूरच्या यात्रेकरूंना आणि हळद, ऊस व सोयाबीन पिकवणाऱ्या काळ्या जमिनीमुळे वसमत व हिंगोलीच्या बाजारपेठांना परिचित असले, तरी येथील गेल्या दोन-अडीच दशकांच्या आर्थिक जीवनाचा इतिहास लिहावयास जर कोणी बसला, तर त्याला विहीर, मोटारपंप आणि ट्रॅक्टर यांच्या पंक्तीत आणखी एका यंत्राला मानाचे स्थान द्यावे लागेल; आणि ते यंत्र म्हणजे माती, मुरूम, खडी व गाळ उचलून टिप्परमध्ये भरणारा लोडर होय. पुढे रुंद बकेट आणि मागे खोदणारा लांब हात असलेला, गावात सरसकट जेसीबी म्हणून ओळखला जाणारा बॅकहो लोडर घराचा पाया खणतो, नालीचे चर काढतो, शेततळ्याचे बांध घालतो, रस्त्याच्या कडेला मुरूम पसरतो आणि पावसाळ्यात चिखलात रुतलेली ट्रॉलीही ओढून बाहेर काढतो. त्याचा थोरला बंधू, म्हणजे केवळ पुढे बकेट असलेला व्हील लोडर, खडी क्रशरवर, काँक्रीट मिसळण्याच्या जागी किंवा साखर कारखान्याच्या आवारात दिवसभर तीच ती फेरी मारीत असतो. या दोघांचेही इंधन आजवर एकच होते, आणि त्या डिझेलच्या हिशेबावरच गुत्तेदाराचा नफातोटा ठरत आला आहे.

या प्रस्थापित व्यवस्थेपुढे आता दोन प्रतिस्पर्धी उभे राहिले आहेत. एक, संपूर्णपणे बॅटरीवर किंवा केबलने येणाऱ्या विजेवर चालणारा लोडर. आणि दुसरा, डिझेलचे इंजिन कायम ठेवूनही त्याच्या जोडीला विद्युत मोटार अथवा ऊर्जा साठवणारे साधन घेऊन तेच काम कमी इंधनात करू पाहणारा हायब्रिड लोडर. जगातील मोठमोठ्या यंत्रनिर्मात्यांनी या दोन्ही मार्गांवर गेल्या दीड-दोन दशकांत पुष्कळ द्रव्य व श्रम खर्च केले आहेत, आणि त्यांच्या जाहिरातींत दोन्ही मार्ग सारखेच निर्धोक व किफायतशीर दिसतात. परंतु हिंगोली जिल्ह्यातील एखादा तरुण जेव्हा बापजाद्यांच्या जमिनीच्या तारणावर कर्ज काढून यंत्र विकत घेण्याचा विचार करतो, तेव्हा त्याला जाहिरातीपलीकडचे ज्ञान हवे असते. आणि ते मराठीत फारसे उपलब्ध नाही, सबब या प्रश्नाचा साकल्याने आढावा घेणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम हे पाहिले पाहिजे की डिझेलचा लोडर आपले इंधन नेमके कोठे दवडतो. लोडरच्या कामाचे एक आवर्तन असते: ढिगाकडे वेगाने जाणे, बकेट ढिगात घुसवणे, भरलेली बकेट उचलीत मागे येणे, वळून टिप्परकडे पुढे जाणे, भार ओतणे, आणि पुन्हा मागे येऊन ढिगाकडे वळणे. हे सारे साधारणपणे अर्ध्या मिनिटाच्या आसपास उरकते आणि तेवढ्यात यंत्र दोनदा पुढे, दोनदा मागे जाते, म्हणजेच प्रत्येक वेळी कमावलेली गती ब्रेकच्या उष्णतेत विरून जाते. त्याहूनही मोठा व्यय बकेट ढिगात घुसवण्याच्या क्षणी होतो. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये, 1905 च्या सुमारास हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने शोधलेला, तेलाच्या प्रवाहातून शक्ती वाहून नेणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. हा उपाय मोठा चतुर आहे, कारण चाके जागच्या जागी थबकली तरी इंजिन बंद पडत नाही आणि रेटा कायम राहतो. परंतु चाके थबकलेली असताना इंजिनाकडून चाकांकडे येणारी शक्ती जवळजवळ सगळीच तेल तापवण्यात जाते. आणि लोडरची चाके तर दर फेरीत थबकतात. यात भर म्हणून टिप्परची वाट पाहत उभे राहिलेल्या, म्हणजे काहीही न करता केवळ धडधडत राहिलेल्या इंजिनाचे तास धरले, तर टाकीत ओतलेल्या डिझेलपैकी प्रत्यक्ष माती उचलण्याच्या कामी किती थोडे येते हे ध्यानात येईल.

विजेच्या लोडरचे सामर्थ्य नेमके याच दोन ठिकाणी प्रकट होते. विद्युत मोटार शून्य वेगालाही पूर्ण रेटा देऊ शकते, त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टरची गरज उरत नाही. वेग कमी करताना तीच मोटार जनित्र बनून गतीतील ऊर्जा बॅटरीकडे परत पाठवते. आणि यंत्र उभे असताना ती वीज खातच नाही. बहुतेक विद्युत लोडरांत चाकांसाठी एक आणि हायड्रॉलिक पंपासाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र मोटारी बसवतात, आणि या विभागणीमुळे चालकाच्या हातात डिझेल यंत्रात कधीच नसलेला एक ताबा येतो: बकेट जोराने उचलण्यासाठी इंजिनाचा वेग वाढवताना चाकेही नकळत पुढे रेटली जाण्याचा जो त्रास जुन्या यंत्रात असे, तो येथे उद्‌भवत नाही. शिवाय मोटारगाडीत किंवा ट्रकमध्ये बॅटरीचे वजन हा निव्वळ बोजा असतो, तर लोडरमध्ये मागील बाजूस प्रतिभार म्हणून काही वजन मुद्दाम ओतावेच लागते. त्या लोखंडाची जागा बॅटरीने घेतली, की दोष हाच गुण ठरतो. विद्युतीकरणाला इतके अनुकूल असे वाहन दुसरे क्वचितच असेल.

ही केवळ प्रयोगशाळेतील गोष्ट राहिलेली नाही. व्होल्वो कंपनीने 2019 साली आपल्या सर्वांत लहान वर्गातील लोडरांची नवी डिझेल आवृत्ती विकसित करणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि सुमारे 40 युनिट वीज साठवणारा एल-25 हा विद्युत लोडर बाजारात आणला. पुढे 2024 साली त्याच कंपनीने सुमारे 280 युनिटांची बॅटरी असलेला, सहा टन उचलणारा एल-120 पुढे केला. केस कंपनीने 2020 साली लास व्हेगासच्या प्रदर्शनात 90 युनिटांच्या बॅटरीचा बॅकहो लोडर दाखवला, आणि हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने हा दाखला अधिक मोलाचा आहे, कारण तो आपल्याकडील नित्याच्या यंत्राच्या वर्गातील आहे. 1979 पासून बल्लभगड येथे व पुढे पुण्याजवळही कारखाना चालवणाऱ्या जेसीबीने परदेशातील बाजारांसाठी 20 युनिटांचा छोटा 403-ई लोडर तयार केला आहे. परंतु या क्षेत्रातील खरी क्रांती चीनमध्ये घडली. तेथे 2024 या एका वर्षात दहा हजारांहून अधिक विद्युत व्हील लोडर विकले गेले, आणि ते हौसेखातर घेतलेले नव्हते. पोलाद कारखाने, बंदरे, कोळशाची आगारे आणि खडी-सिमेंटची मिश्रणकेंद्रे अशा ठिकाणी दोन-तीन पाळ्यांत राबणारी ती यंत्रे होती. त्यांच्या पाच टनी वर्गात 400 युनिटांहून मोठी बॅटरी बसवलेली आढळते. अशी यंत्रे बनवणाऱ्या चिनी कंपन्यांपैकी लिउगाँगचा कारखाना 2009 पासून आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, पीथमपूर येथे आहे, म्हणजे हे तंत्रज्ञान आपल्या उंबरठ्याशी येऊन ठेपले आहे असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

आता हायब्रिडकडे वळू. शिरड शहापूरच्या आसमंतातून पूर्णा-अकोला हा लोहमार्ग जातो, आणि विजेच्या तारा येण्यापूर्वी त्यावरून धावणारी डिझेल एंजिने पाहिलेल्या माणसाला हायब्रिड लोडरच्या एका प्रमुख प्रकाराची कल्पना चटकन येईल. भारतीय रेल्वेच्या त्या एंजिनांत डिझेल इंजिन चाकांना थेट फिरवीतच नसे. ते जनित्र फिरवी, आणि जनित्राच्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी चालत. अमेरिकेत लेटर्नो या उद्योजकाने हीच योजना 1950 च्या दशकात मातीकामाच्या अवाढव्य यंत्रांत आणली, आणि खाणींत वापरले जाणारे जगातील सर्वांत मोठे लोडर आजही त्याच परंपरेतील आहेत. अलीकडे जॉन डीअरच्या 644-के या लोडरमध्ये इंजिन जवळजवळ स्थिर वेगाने फिरते, वेग घटवताना मोटारीकडून परत आलेली वीज जनित्रामार्फत इंजिनाला हातभार लावते आणि तेवढे डिझेल वाचते. त्यात मोठी बॅटरी मुळी नाहीच. कॅटरपिलरने 2017 साली 988-के एक्सई या खाणीच्या लोडरमध्ये असाच विद्युत मार्ग स्वीकारून एकंदर कार्यक्षमतेत 25 टक्क्यांपर्यंत वाढ झाल्याचे सांगितले. दुसरा प्रकार ऊर्जा साठवणाऱ्या यंत्रांचा. कोमात्सूने 2008 मध्ये जपानात आणलेल्या हायब्रिड पोकलेनमध्ये वरचा भाग वळून थांबताना मिळणारी ऊर्जा कॅपॅसिटरमध्ये साठवली जाई आणि पुढच्या वळणाला वापरली जाई. व्होल्वोच्या एलएक्स-1 या प्रायोगिक लोडरमध्ये चाकांतच मोटारी, लहानसे डिझेल इंजिन आणि बॅटरी अशी योजना होती, आणि कॅलिफोर्नियातील कचरा-प्रक्रिया केंद्रांवर झालेल्या चाचणीत इंधनकार्यक्षमतेत सुमारे 50 टक्क्यांची सुधारणा नोंदवली गेली.

हे आकडे आकर्षक आहेत खरे. परंतु त्यांच्या पोटात एक अट दडलेली आहे, ती विसरून चालणार नाही. हायब्रिडची बचत ही मुख्यत्वे परत मिळवलेल्या ऊर्जेची बचत आहे, आणि ऊर्जा परत तेव्हाच मिळते जेव्हा यंत्र पुन्हा पुन्हा वेग घेते व पुन्हा पुन्हा थांबते. ढिगातून टिप्पर भरण्याच्या आखूड फेऱ्यांत, किंवा वळून वळून गाळ टाकणाऱ्या पोकलेनमध्ये, ही संधी प्रत्येक मिनिटाला येते. पण जागेवर पाय रोवून मागच्या हाताने चर खणणाऱ्या बॅकहो लोडरमध्ये चाके हलतच नाहीत, तेव्हा परत काय मिळवणार? आणि आपल्या खेड्यांतील बॅकहोचे निम्मे आयुष्य तर असे चर आणि पाये खणण्यातच जाते. दुसरी अडचण खर्चाची. हायब्रिड यंत्रात इंजिन, त्याचा धूर शुद्ध करणारी यंत्रणा, जनित्र, मोटार, विद्युत नियंत्रक आणि क्वचित बॅटरी, म्हणजे दोन्ही घरांचा संसार एकाच छपराखाली मांडावा लागतो. चाळीस-पन्नास टनी खाणयंत्राच्या किमतीत तो खर्च सामावून जातो. आठ टनी, तीस-पस्तीस लाखांच्या आतबाहेर मिळणाऱ्या बॅकहोच्या किमतीत तो सामावत नाही. म्हणूनच जगातील बहुतेक हायब्रिड लोडर मोठ्या वर्गात जन्माला आले, आणि लहान वर्गात निर्मात्यांनी हायब्रिडची पायरी गाळून थेट बॅटरीकडे उडी घेतली. आपल्या जिल्ह्यातील गुत्तेदाराला ज्या आकाराचे यंत्र लागते, त्या आकारात हायब्रिड हा पर्याय व्यवहारात जवळजवळ नाहीच, आणि तो लवकर येईल अशी चिन्हेही मला दिसत नाहीत.

तेव्हा येथील खरी तुलना वीज आणि साधे डिझेल यांच्यात होते, आणि तिचा हिशेब मांडून पाहणे रास्त ठरेल. बॅकहो लोडर तासाला साधारण चार ते सहा लिटर डिझेल घेतो. मधला आकडा धरून आठ तासांच्या दिवसाला 40 लिटर म्हणू. लिटरला 90 रुपये धरले तर 3600 रुपये झाले. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिटांइतकी उष्णता असते, म्हणजे 40 लिटरांत 400 युनिट. त्यांपैकी इंजिनाच्या दंडावर जेमतेम तिसरा हिस्सा येतो, आणि टॉर्क कन्व्हर्टर व रिकामे धडधडणे वजा जाता तेच काम करण्यास विद्युत यंत्राला 100 ते 110 युनिट पुरावेत. चार्जिंगमधील घट धरून मीटरवर 120 युनिट पडतील, आणि युनिटला 10 रुपये धरता 1200 रुपये होतील. दिवसाकाठी 2400 रुपयांची ही बचत मोठी आहे यात संशय नाही. परंतु बचतीचा विचार दिवसावर न करता वर्षाच्या तासांवर केला पाहिजे. विजेचे यंत्र समजा 25 लाखांनी महाग पडले. जे यंत्र दोन पाळ्यांत वर्षाला 3000 तास चालते, ते दरसाल सुमारे नऊ लाख वाचवून तीन वर्षांच्या आत हा फरक भरून काढील. जे 1600 तास चालते त्याला पाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. आणि लग्नसराई, पावसाळा व मजुरांच्या सुट्ट्या वगळून जे वर्षाला 500 तासच भाड्याने जाते, त्याला सतरा वर्षे लागतील, तोवर बॅटरीच काय, यंत्रही शिल्लक राहणार नाही. व्याजाचा विचार मी येथे केलेला नाही. तो केल्यास शेवटचा आकडा आणखी भयावह होतो.

पर्यावरणाचा जमाखर्चही प्रामाणिकपणे मांडावयास हवा, कारण या विषयात अतिशयोक्ती फार होते. 40 लिटर डिझेल जाळल्याने सुमारे 107 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या देशातील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशावर तयार होत असल्याने एका युनिटामागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास उत्सर्जन होते. 120 युनिटांचे 84 किलो. म्हणजे आजच्या घडीला बचत पाचव्या हिश्श्याच्या जवळपास आहे. ती पूर्ण कशी होईल हे विजेच्या मिश्रणावर अवलंबून राहील. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली गावोगावी सौर प्रकल्प उभे राहत असताना हे प्रमाण सुधारेल हे खरे, पण सूर्य जेव्हा डोक्यावर असतो तेव्हा लोडर कामावर असतो, आणि तो चार्जिंगला लागतो तेव्हा संध्याकाळच्या महाग मागणीची वेळ असते, हा विरोध नियोजनानेच सुटू शकेल. गावाच्या हवेचा विचार केला तर मात्र निवाडा निःसंदिग्ध आहे: ज्या गल्लीत यंत्र चालते त्या गल्लीत विजेच्या यंत्राचा धूर शून्य, आणि आवाजही पुष्कळ कमी. मल्लिनाथाच्या मंदिराभोवती किंवा औंढ्यात नागनाथाच्या प्राकारालगत यात्रेकरूंची वर्दळ चालू असताना दुरुस्तीची कामे करावयाची झाली, तर हा गुण पैशात मोजता येण्याजोगा नाही.

विजेच्या मार्गातील सर्वांत मोठा अडसर मात्र बॅटरीत नसून खांबावर आहे. आपल्या खेड्यांत जी डीपी, म्हणजे रोहित्र, असते ती बहुधा 63 किंवा 100 केव्हीएची असते, आणि तीवर अनेक शेतकऱ्यांचे पंप आधीच टांगलेले असतात. एखाद्या लोडरला दीड-दोन तासांत भरणारा 60 किलोवॅटचा चार्जर तीवर लावला, तर 63 केव्हीएची डीपी एकटा तोच खाऊन टाकील. आणि डीपी जळाली म्हणजे हंगामात काय हाहाकार उडतो हे येथल्या शेतकऱ्याला सांगावयास नको. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, आणि सवलतीच्या कृषिजोडणीवर बांधकामाचे यंत्र चार्ज करणे हे नियमबाह्य आहे, हे वेगळेच. त्यातून मार्ग काढावयाचा तर रात्रभरात हळूहळू भरणारा, 15 ते 20 किलोवॅटचा चार्जर आणि त्यासाठी रीतसर स्वतंत्र जोडणी हाच सुज्ञपणाचा उपाय होय. ज्यांच्याकडे उच्चदाबाची जोडणी व स्वतःचे रोहित्र आधीपासून आहे त्यांना हा अडसर नाहीच. आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. यंत्र एका जागी बांधलेले आहे की गावोगाव फिरणारे आहे, यावरून त्याची शक्ती ठरवावी.

जागेशी बांधलेल्या यंत्रांचा विचार प्रथम करू. खडी क्रशर स्वतःच मोठ्या विजेच्या जोडणीवर चालतो. त्याच्या आवारात लोडर दिवसभर शे-दोनशे मीटरच्या परिघात फिरतो, त्याच्या फेऱ्या आखूड असतात आणि तासही भरपूर असतात. विद्युत लोडरला याहून सोयीची जागा कल्पिता येणार नाही. साखर कारखान्यांचे उदाहरण तर मला याहूनही बोलके वाटते. वसमतेचा पूर्णा सहकारी साखर कारखाना आणि मराठवाड्यातील त्याचे सगळे बांधव ऊस गाळतात तेव्हा उसाच्या वजनाच्या 28 ते 30 टक्के बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतो; त्यातला बराचसा पट्ट्यावरून थेट बॉयलरकडे जातो, आणि उरलेल्याचे डोंगराएवढे ढीग आवारात रचले जातात, ते रचण्याचे व पुन्हा ओढून आणण्याचे काम लोडर करतो. बगॅस हलका असल्याने बॅटरीवर ताण कमी. तो पेटण्यास अत्यंत तत्पर असल्याने तापलेल्या धुराड्याचे यंत्र त्यात फिरवणे मुळातच धोक्याचे. ज्या कारखान्यांत सहवीजनिर्मिती आहे त्यांची वीज स्वतःच्याच बगॅसपासून बनलेली, म्हणून उत्सर्जनाचा आक्षेपही गळून पडतो. आणि गळीत हंगाम नेमका हिवाळ्यात येतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि तापलेली लिथियम बॅटरी लगोलग चार्ज करणे तिच्या आयुष्याला मारक ठरते; द्रवाने थंड ठेवलेल्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीला हे बरेच सोसते, पण तरीही नोव्हेंबर ते मार्च हा तिचा सुखाचा काळ होय. इतके सगळे योग एकत्र जुळून आलेले असताना आपल्या सहकारी कारखान्यांनी या दिशेने अद्याप पाऊल टाकू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मालाच्या हाताळणीचे दुसरे क्षेत्र म्हणजे गोदामे व बाजार समित्या. येथे विजेचा विजय जुनाच आहे: जगात विकल्या जाणाऱ्या फोर्कलिफ्टपैकी निम्म्याहून अधिक आज विजेवर चालतात, कारण बंद गोदामात डिझेलचा धूर माणसाला आणि धान्यालाही नकोसा असतो. हिंगोली आणि वसमतेच्या हळदीच्या व्यवहारात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. हळदीसारख्या सुगंधी, भुकटीरूपात परदेशी जाणाऱ्या मालाला डिझेलचा वास लागणे हे बाजारभावालाच बाधक. परंतु येथे एक माणुसकीचा प्रश्नही उभा राहतो. बाजार समितीच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या लावणारे हमाल हे 1969 च्या माथाडी कायद्याच्या संरक्षणाखाली आले ते मोठ्या संघर्षानंतर. पाठीवर क्विंटलभर ओझे वाहण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये हे जितके इष्ट, तितकेच यंत्र आल्यावर त्यांचा घास जाऊ नये हेही इष्ट आहे. यंत्र चालवण्याचे शिक्षण प्रथम त्यांच्यातीलच तरुणांना मिळावे, अशी तरतूद करूनच हे परिवर्तन घडले पाहिजे.

आता फिरत्या कामांकडे. रस्त्याचे काम आज वसमतेच्या हद्दीत तर उद्या कळमनुरीच्या. शेततळे कोणाच्या तरी शिवाराच्या टोकाला. 2017 पासून राबवल्या जाणाऱ्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेखालील गाळ तलावाच्या कोरड्या पोटात, जेथे विजेचा खांब दृष्टिपथातही नसतो. अशा ठिकाणी बॅटरीचा लोडर नेणे म्हणजे त्याच्या मागोमाग डिझेलचा जनित्रसंच नेणे, आणि मग साऱ्या खटाटोपाचे प्रयोजनच नष्ट होते. तत्त्वतः येथेच हायब्रिडला वाव आहे, विशेषतः गाळाच्या कामातील पोकलेनमध्ये. पण लहान वर्गातील यंत्रे उपलब्ध होईपर्यंत नवे, शुद्ध डिझेल यंत्र हाच व्यवहार्य उपाय राहतो. 1 जानेवारी 2025 पासून चाकांच्या बांधकाम-वाहनांना सीईव्ही टप्पा पाचचे प्रदूषण-निकष लागू झाल्यामुळे नव्या इंजिनांचा धूर पुष्कळ कमी झाला आहे, त्याचबरोबर त्यांची किंमत वाढून विजेच्या यंत्राशी असलेले अंतरही थोडे घटले आहे.

फिरत्या आणि बांधलेल्या या दोहोंच्या मधली एक जागा आपल्याच तालुक्यात आहे, तिचा उल्लेख टाळता येत नाही. औंढ्याजवळ दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या व्यासाच्याही सूक्ष्म अंशाइतका बदल ओळखू पाहणारी ही वेधशाळा जमिनीच्या कंपनांना किती संवेदनशील असेल याची कल्पना करावी. उभारणीच्या काळात तेथे सर्व प्रकारची यंत्रे लागतील. पण वेधशाळा कार्यान्वित झाल्यावर आवारातील देखभालीच्या कामांसाठी इंजिनाच्या धडधडीपासून मुक्त, एकाच परिसरात राहणारी आणि भक्कम वीजपुरवठ्याशेजारी वावरणारी यंत्रे हवीत, आणि हे वर्णन विद्युत लोडरशी तंतोतंत जुळते.

राहता राहिला प्रश्न भांडवल आणि दुरुस्तीचा. डिझेलचे यंत्र बिघडले तर वसमतेचा किंवा हिंगोलीचा मिस्त्री दुचाकीवर येऊन ते बांधावरच उघडतो. शेकडो व्होल्टच्या एकदिश विजेवर चालणाऱ्या यंत्राला असे उघडणे प्राणघातक ठरू शकते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत उच्चदाब बॅटरी-वाहनांचा अभ्यासक्रम सुरू झाल्याशिवाय हे यंत्र तालुक्यात रुजणार नाही. कर्ज देणाऱ्या संस्थांना जुन्या डिझेल यंत्राची पुनर्विक्रीची किंमत ठाऊक असते, पाच वर्षे वापरलेल्या बॅटरीची नसते, म्हणून त्या व्याज चढे लावतात किंवा तारण अधिक मागतात. आणि शासनाचे सहाय्य पाहावे तर 2024 मध्ये सुरू झालेल्या 10,900 कोटींच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, बस व ट्रक यांची गणना केली गेली, बांधकामाच्या यंत्रांची नाही. दिवसाला 40 लिटर डिझेल पिणाऱ्या यंत्राला वगळून दिवसाला एखादा लिटर पेट्रोल पिणाऱ्या दुचाकीला अनुदान द्यावे, ही प्राधान्यक्रमाची मोठी चूक आहे आणि ती दुरुस्त झाली पाहिजे.

माझे मत मी येथे स्पष्ट नमूद करतो. क्रशर, साखर कारखाना, मिश्रणकेंद्र, गोदाम आणि बाजार समिती येथे पुढचा लोडर विजेचाच घ्यावा, आणि सहकारी कारखान्यांच्या संचालक मंडळांनी येत्या गळीत हंगामात किमान एक यंत्र भाडेतत्त्वावर घेऊन त्याचे तास, युनिट व बिघाड यांची नोंदवही सभासदांपुढे ठेवावी. गावोगाव फिरणाऱ्या बॅकहोच्या मालकाने तूर्त विजेच्या मोहात पडू नये, आणि आपल्या आकारात उपलब्ध नसलेल्या हायब्रिडची वाट पाहत जुने यंत्रही रेटत राहू नये. जो कोणी यंत्र घेण्याच्या विचारात असेल, त्याने बयाणा देण्यापूर्वी महिनाभर आपल्या सध्याच्या यंत्राच्या तासमीटरचा आणि डिझेलचा रोजचा आकडा वहीत उतरवावा, आणि विक्रेत्याकडून बॅटरीची हमी किती वर्षांची, किती तासांची आणि किती अंश तापमानापर्यंतची आहे, हे कागदावर लिहून घ्यावे.